शेवंतीचं वजन

हिराजी म्हात्रे भांडुपच्या खाडीकडच्या एका मिठागरात मापाडी होता. मीठ पिकवणारे वेगळे, टोपल्यांतून ते डोक्यावर वाहून राशी घालणारे वेगळे. गोण्या भरल्या की त्या काट्यावर तोलून देणं, एवढंच मापाड्याचं काम. हिराजीच्या वडिलांनीही जन्मभर तेच केलं होतं. कांजूरच्या आगरी वस्तीत त्याचं कौलारू घर होतं. घरात बायको सोनूबाई आणि चार मुलं. पन्नाशीला आलेला, उन्हानं आणि मिठानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. हिराजीनं तोललेली गोणी पुन्हा तोलून बघायची गरज नाही, असं व्यापाऱ्यांची माणसंही म्हणत.

माझी त्याची ओळख झाली १९५५च्या पावसाळ्यात, आणि मिठाशी तिचा काही संबंध नव्हता.

मी तेव्हा शहरातल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला होतो. लोकांकडे जायचं, प्रश्न विचारायचे आणि उत्तरं छापील तक्त्यात भरायची, हे माझं काम. वय सव्वीस, राहायला मुलुंडला. आमच्या पथकाच्या प्रमुख होत्या डॉक्टर मृणालिनी कोठारे. चाळिशीच्या, एकट्या राहणाऱ्या, साडीखाली कॅनव्हासचे बूट घालून चिखल तुडवणाऱ्या बाई. क्षयावर त्या सुमारास गोळ्या निघाल्या होत्या. रुग्णालयात खाट मिळाली नाही तरी माणूस घरी राहून, गोळ्या घेऊन बरा होतो, असं डॉक्टर लोक म्हणू लागले होते. कोठारेबाईंचा प्रश्न साधा होता. ज्याला घरच नाही, त्याचं काय?

घाटकोपरपासून विक्रोळीकडे शहराला पाणी नेणारे मोठाले लोखंडी नळ गेले आहेत. त्या नळांच्या कडेनं शेकडो माणसं राहायची. राहायची म्हणजे काय, नळाला एक तरट बांधायचं, त्याचं दुसरं टोक दोन काठ्यांना, आणि खाली चूल. पालिकेची माणसं आली की तरट गुंडाळायचं, गेली की पुन्हा बांधायचं. त्यांतली तीस कुटुंबं आम्ही निवडली. प्रत्येकात एक क्षयाचा रोगी. लढाईच्या काळात लष्करानं बांधलेल्या बराकींतल्या पंधरा खोल्या बाईंनी दोन वर्षं सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून मिळवल्या होत्या. पंधरा कुटुंबं खोल्यांत राहणार, पंधरा नळापाशी. गोळ्या तिसांनाही मिळणार. वर्षाअखेर कोण किती सुधारलं ते बघायचं, आणि औषधाबरोबर छप्परही लागतं हे आकड्यांनी दाखवून सरकारपुढे ठेवायचं.

खोल्या कोणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. चिठ्ठ्या मी लिहिल्या, बाईंनी उचलल्या. "मी निवडायला बसले तर जो जास्त रडेल त्याला खोली देईन," त्या मला म्हणाल्या होत्या.

दर रविवारी नळांजवळच काटा मांडून तिसांचंही वजन करायचं होतं. पहिल्या दोन खेपांची वजनं मात्र भलतीच आली. आठवड्यात कोणी सहा पौंड वाढलेला, कोणी सात पौंड उतरलेला. काटा बिघडला म्हणून तो शहरात परत पाठवायची तयारी चालली होती. तिथे एक माणूस बराच वेळ छत्री घेऊन बघत उभा होता. पावसाळ्यात मिठागरं बंद, त्यामुळे त्याला काम नव्हतं. तो पुढे आला आणि बाईंना म्हणाला, "बाय, काटा खरा हाय. जमीन खोटी हाय."

त्यानं कुठून तरी एक सपाट फरशी आणली. खाली खपऱ्या सारून ती बसवली, तिच्यावर पाणी भरलेली वाटी ठेवली आणि पाण्याची कड सगळीकडून सारखी होईपर्यंत तो उकिडवा बसून खपऱ्या सरकवत राहिला. मग काटा ठेवला आणि आधी मला चढवलं. मग उतरवून पुन्हा चढवलं. दोन्ही वेळा एकच आकडा. बाईंनी त्याला तिथल्या तिथे दर रविवारसाठी ठेवून घेतलं.

मिठागरात वजन ओरडून सांगायची पद्धत. हिराजी इथं तसं करायचा नाही. माणूस उतरला की माझ्याजवळ यायचा आणि हळूच आकडा सांगायचा. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "गोणीला लाज नसते, श्यामभाऊ." माणूस काट्यावर चढण्याआधीच तो त्याच्याकडे एकवार बघून मनाशी अंदाज बांधायचा, आणि तो एखाद्या पौंडापलीकडे चुकल्याचं मला आठवत नाही. मग मीही खेळ म्हणून अंदाज करू लागलो. माझा दहा-दहा पौंडांनी चुकायचा. तेव्हा तो हसायचा. त्याला हसताना मी पाहिलं ते बहुतेक तेवढंच.

नळापाशी राहिलेल्या पंधरांत शेवंती होती. सोलापूरकडची, तिशीची. नवरा विक्रोळीच्या एका खदानीत सुरुंगाच्या कामावर होता आणि सुरुंगातच गेला. तेराव्याच्या आत मुकादमानं कामगारांच्या चाळीतली खोली रिकामी करून घेतली. तेव्हापासून ती आणि तिची मुलगी माणिक, दोघी नळाखाली. शेवंती खडी फोडायला जायची. दगडाच्या धुळीनं छाती आधीच पोखरलेली, त्यात हा रोग. चिठ्ठी बाहेरची निघाली तेव्हा ती फक्त "बरं" म्हणाली. दोनेक आठवड्यांनी तिनं मला विचारलं, "भाऊ, म्होरली चिठ्ठी कवा काढणार?"

"पुढची नाही हो. वर्षभर हेच."

ती पुन्हा "बरं" म्हणाली.

सुरुवातीला तिचं वजन चौऱ्याऐंशी पौंड होतं. दसऱ्यापर्यंत ते अठ्ठ्याऐंशी झालं. खोकला कमी झाला, माणिकच्या केसांना तेल लागलेलं दिसू लागलं. बाई खूश होत्या. मग थंडी पडली. नळाच्या लोखंडाला पहाटे दव धरायचं आणि खालची तरटं ओली व्हायची. नाताळाच्या सुमारास शेवंती पुन्हा चौऱ्याऐंशीवर आली. पुढच्या रविवारी ब्याऐंशी, मग ऐंशी.

आमच्या पाहणीत एक नियम होता. मूळ वजनापेक्षा पाच पौंडांनी कोणी उतरलं, की त्याला शहरातल्या क्षयाच्या रुग्णालयात न्यायचं. बाईंनी त्यासाठी तिथल्या दोन खाटा राखून ठेवल्या होत्या. नियम सगळ्यांना वाचून दाखवलेला होता. शेवंतीच्या बाबतीत तो आकडा एकोणऐंशी.

त्यानंतर काय झालं ते मला पुष्कळ उशिरा कळलं, पण इथं घडलं त्या क्रमानं सांगतो.

जानेवारीतल्या एका रविवारी शेवंती काट्याकडे येताना हिराजीनं तिच्याकडे पाहिलं आणि मनाशी म्हटलं, सत्त्याहत्तर. काट्यानं ऐंशी दाखवले. त्यानं वाकून फरशी पाहिली. फरशी जागच्या जागी होती. त्यानं पुन्हा तिच्याकडे पाहिलं. तिनं ओटीपाशी हात घट्ट धरला होता.

"ओटीत काय हाय?" त्यानं हळूच विचारलं.

"काय न्हाई."

"बाय, मी तीस वरसं काटा धरतोय."

शेवंतीनं माझ्याकडे एक नजर टाकली. मी आठ-दहा हातांवर टेबलाशी बसून मागच्या माणसाचा तक्ता भरत होतो. ती काट्यावरून उतरली नाही. खाली बघतच बोलली, "दगड हायती. दादा, सांगू नगासा. मला इस्पितळात घालतील. सा म्हयने ठिवतील, वरीस ठिवतील. तितं पोरांना येऊ देत न्हाईत. माजी माणिक तेराव्यात हाय. ती हितं एकली ऱ्हाईल? मुकादमाची माणसं आतापासनंच येऊन बसत्यात नळावर. कुनाच्या भरवशावर ठिवू तिला?"

हिराजीनं पुन्हा काट्यावरच्या आकड्याकडे पाहिलं.

"एवडी थंडी जाऊ द्या. ऊन पडलं की म्या सुदरती. मागल्या साली बी तसंच झालं. न्हाई सुदरले तर मीच सांगती डाक्टरीणबाईस्नी."

"हिराजी, किती?" मी टेबलावरून विचारलं.

तो माझ्याजवळ आला. एरवीपेक्षा त्याला थोडा वेळ लागला असेल, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं.

"ऐंशी," तो म्हणाला. मी ऐंशी लिहिलं.

त्या आठवड्यापासून रविवारी येताना त्याच्या पिशवीत काही ना काही असायचं. अंडी, सुका बोंबील, गुळाचा खडा, कधी तांदळाच्या भाकऱ्या. ते तो शेवंतीला द्यायचा. खरं वजन वाढलं तर खोट्या आकड्याला ते गाठेल, अशी त्याची आशा होती. मनातल्या मनात तो तिचं खरं वजन धरून चालत होता. सत्त्याहत्तर. फेब्रुवारीत शहात्तर. होळीला चौऱ्याहत्तर. काटा मात्र दर वेळी ऐंशी, एक्क्याऐंशी, ऐंशी. दगड वाढत होते. आता ती ते फडक्यात बांधून नऊवारीच्या घोळाखाली कमरेला आवळायची.

प्रत्येक रविवारी तो म्हणायचा, "आता सांग बाय." ती म्हणायची, "म्होरल्या रविवारी."

मार्चमध्ये कोठारेबाई महिन्याच्या तपासणीला आल्या तेव्हा त्या शेवंतीसमोर जरा थांबल्या. तिच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या. "तोंड असं का गं उतरलंय तुझं?" असं विचारून त्यांनी माझ्या हातातला तक्ता घेतला. दहा आठवडे वजन जागच्या जागी होतं. थुंकीच्या तपासणीचा निकाल यायला दोन महिने लागायचे, आणि जानेवारीचा अजून आला नव्हता. मागे बारा रोगी उभे होते. "वजन तर धरून आहे," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. हिराजी तेव्हा काट्यापाशी उभा होता. तोंड उघडायचं तर ते त्याच क्षणी, हे आपल्याला कळत होतं, असं त्यानं मला नंतर सांगितलं. "पन बाय माज्याकडं बगत होती," तो म्हणाला. बाय म्हणजे शेवंती.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी ती वजनाला आली नाही. माणिक धावत आली. तिच्या परकरावर रक्त होतं, आईचं. शेवंती नळाला टेकून बसली होती आणि समोरची माती लाल झाली होती. हिराजीनं तिला उचललं. मी रस्त्यावर जाऊन टॅक्सी थांबवली. दोन टॅक्सीवाले रक्त बघून निघून गेले, तिसरा थांबला. राखून ठेवलेली खाट तिला मिळाली. तीन दिवस ती त्या खाटेवर होती, आणि बुधवारी दुपारी गेली.

रुग्णालयात आल्या आल्या तिचं वजन केलेलं होतं. एकाहत्तर पौंड. शुक्रवारी कोठारेबाई तो कागद घेऊन बराकीतल्या आमच्या कचेरीत आल्या. हिराजीलाही त्यांनी बोलावून घेतलं होतं. त्यांनी कागद आणि माझा तक्ता टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"मागच्या रविवारी ऐंशी, आणि ह्या रविवारी एकाहत्तर. नऊ पौंड आठ दिवसांत?"

मी म्हणालो, "काटा बघायला हवा."

"काटा खरा हाय," हिराजी म्हणाला. तो दारातच उभा होता, आत येऊन बसलाही नव्हता. "आकडे मी खोटे सांगितले. जानेवारीपासनं. ती कमरेला दगड बांदायची. मना ठावं होतं."

मग त्यानं सगळं सांगितलं. थांबून थांबून, पण काही न राखता.

मला आजही आठवतं की पहिला राग मला आला तो शेवंतीसाठी नव्हता. माझा तक्ता नासला म्हणून आला होता. आणि त्या रागात मी ओरडलो, "तुम्ही मारलंत तिला, हिराजी. खाट रिकामी होती. तीन महिने रिकामी होती!"

"नाडकर्णी, बाहेर जा," बाई म्हणाल्या.

मी व्हरांड्यात उभा राहिलो. मग बाईंचा आवाज आला, "मला दिसत होतं हो. मार्चमध्ये मला दिसत होतं, आणि मी तक्त्यावर विश्वास ठेवला." हिराजी काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.

मला परत आत बोलावून त्यांनी शेवंतीचा पहिला तक्ता काढायला लावला. मीच भरलेला. त्यात एक रकाना होता, 'अवलंबून असलेली माणसं'. त्यापुढे माझ्या अक्षरात 'एक' असं लिहिलेलं होतं.

"हे आपण विचारलं," बाई म्हणाल्या, "लिहूनही घेतलं. आणि आई रुग्णालयात गेली तर ह्या एकाचं काय, हे नियम करताना ना मला सुचलं ना तुम्हाला."

माणिकला अंधेरीच्या एका मुलींच्या आश्रमात ठेवलं. ती व्यवस्था बाईंनी दोन दिवसांत केली. दोन दिवसांत होऊ शकली, हे तेव्हा आम्हा सगळ्यांच्याच मनात आलं असणार.

महिन्याभरानं हिराजी मला म्हणाला, "मना तिला बगायचं हाय. तुमी चला." मी ओरडलो होतो त्याबद्दल त्याच्या मनात काही नसावं. मला मात्र त्याच्याशी सरळ बोलता येत नव्हतं. आम्ही गेलो. आश्रमाच्या व्हरांड्यात एका बाकावर माणिकला आणून बसवलं. केस कापलेले, अंगात आश्रमाचा निळा झगा. हिराजीनं चिक्कीची पुडी पुढे केली. तिनं ती घेऊन मांडीवर ठेवली, उघडली नाही.

"जेवतेस ना नीट?" मी विचारलं. तिनं मान डोलावली.

मग तिनंच हिराजीला विचारलं, "काका, लई दगुड बांदले म्हनून आईला रगत आलं का?"

हिराजीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"म्याच येचून आनायची. आई म्हनायची गुळगुळीत बघ, टोचत्यात. पर गेल्या बारीला गुळगुळीत घावंनात. मोटालं आनलं. लई जड होतं. तिला चालताना धाप लागली."

मी तिला समजावायला लागलो, की रोगामुळे असं होतं, छातीत जखम होते, वगैरे. ती माझ्याकडे बघतच नव्हती. हिराजी बाकावरून उठून तिच्यासमोर खाली फरशीवर बसला.

"माणिक, दगडानं काय बी झालं नाय. ऐक. वजन उतरलं हे मना कलत होतं. मी डाक्टरीणबायना सांगितलं असतं तर तिला तवाच इस्पितलात नेली असती. कदाचित वाचली असती. मी सांगितलं नाय. तुजा काय दोस नाय त्याच्यात, माजा हाय."

माणिक त्याच्याकडे बघत राहिली.

"तुमाला म्हाईत हुतं?"

"हाव."

"सगळ्या बारीला?"

"हाव. सगल्या."

ती उठली. चिक्कीची पुडी बाकावर ठेवली आणि आत गेली. आश्रमाच्या बाई तिला पुन्हा बोलवायला गेल्या, पण ती आली नाही.

परत येताना आम्ही स्टेशनपर्यंत चालत आलो. फलाटावर मी म्हणालो, "एवढं स्पष्ट कशाला सांगायचं होतं? लहान आहे ती."

"मग काय ती जलमभर दगड मोजत बसंल?" तो म्हणाला.

त्यानंतर तो दोन-तीनदा अंधेरीला गेला. माणिक भेटायला बाहेर आली नाही. मग तो माझ्याकडे वस्तू द्यायचा, पाटी, परकराचं कापड, एकदा रंगीत रिबिनी. मी त्या संस्थेनं दिल्या म्हणून पोचवायचो. त्या माणिक घ्यायची.

हिराजीनं आमचं काम सोडलं. बाई त्याला सोडायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, उरलेले दोन महिने तुमच्याइतकं नेकीनं कोणी करणार नाही. तो ऐकून घ्यायचा आणि मान हलवायचा. पण मिठागरातलं मापही त्यानं सोडलं, हे मला नंतर समजलं. मालकाला म्हणाला, मी टोपल्या वाहतो. पन्नाशी उलटलेला माणूस वीस-बावीस वर्षांच्या पोरांबरोबर डोक्यावर मीठ वाहू लागला. मालकाला वाटलं, नजर कमी झाली असेल.

पाहणीचा अहवाल १९५७ मध्ये पुरा झाला. खोल्यांत राहिलेल्या पंधरांपैकी बाराजणांच्या थुंकीत जंतू उरले नव्हते. नळापाशी राहिलेल्यांत असे सहा निघाले. दोघं दगावले, एक शेवंती. बाईंना हवे होते तसेच आकडे आले होते. ज्या दिवशी बेरीज झाली त्या दिवशी त्या कचेरीत बसून रडल्या, आणि मला कळेना की चहा आणावा की निघून जावं.

शेवंतीचे ते तीन महिन्यांचे आकडे अहवालातून काढून टाकावेत, असं मी सुचवलं होतं. खोटे आकडे ठेवून काय करायचं? बाईंनी ते ठेवले. खाली टीप लिहिली, की हे आकडे रोग्यानं दगड बांधून दिलेले आहेत, आणि त्याचं कारण असं असं आहे. हिराजीचं नाव लिहिलं नाही. त्या टिपेच्या आधारानं शिफारस केली, की बेघर रोग्याला रुग्णालयात नेण्याआधी त्याच्या मुलांच्या राहण्याची सोय हातात असली पाहिजे. समितीच्या बैठकीत एक गृहस्थ म्हणाले की एका बाईच्या उदाहरणावरून शिफारस करता येत नाही. बाई म्हणाल्या, "बाकीच्यांनीही दगड बांधेपर्यंत थांबू का?"

पंधरा खोल्या सरकारनं परत घेतल्या. पाहणी संपली होती, आणि बराकी कोठारासाठी हव्या होत्या. बरी झालेली पाच-सहा कुटुंबं मी पुन्हा नळापाशी पाहिली. पुढे वर्षभर अर्जविनंत्या केल्यावर रुग्णालयात गेलेल्यांच्या मुलांसाठी म्हणून कडेच्या दोन खोल्या तेवढ्या मिळाल्या. तिथं एक म्हातारी बाई राखणीला ठेवली. पहिल्या महिन्यात तीन मुलं आली. हे हिराजीला सांगायला मी मुद्दाम मिठागरावर गेलो. तो टोपली खाली ठेवून उभा राहिला. पायांच्या भेगांत मीठ जाऊन त्या पांढऱ्या झाल्या होत्या.

"पोरी किती?" त्यानं विचारलं.

"दोघी."

"बरं झालं," तो म्हणाला आणि टोपली उचलायला वाकला.

१९५९ च्या मे महिन्यात, मिठाच्या ऐन हंगामात, तो बांधावरच कोसळला. घरी आणेपर्यंत संपला होता. मला चार दिवसांनी कळलं. मी कांजूरला त्याच्या घरी गेलो. सोनूबाईला मी एक-दोनदाच पाहिलं होतं. ती ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. मी हिराजीबद्दल बोललो, त्यानं फरशी कशी बसवली होती ते सांगितलं. ती ऐकत होती. मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून ती म्हणाली, "त्यांनी तुमाला एक गोस्ट सांगितली नसंल."

"कुठली?"

"त्या बायनं पयल्यांदा दगड बांदले ना, त्याच दिसी दुपारी ते घरी आलते. जेवले नाय. मना बोलले, एक पोर आनू का घरी? आई इस्पितलात जाईल, ती बरी होईपर्यंत. मी बोलली, नको. रोगाच्या घरची पोर, आनि माजी चार हायत. धाकटीला तवा खोकला होता." तिनं पदरानं तोंड पुसलं. "एकदाच इचारलं. मी नको बोलली, ते बरं बोलले. परत कदी विषय काडला नाय."

बाईंना त्यानं त्या दिवशी दारात उभं राहून सगळं सांगितलं होतं, काही न राखता, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

"ती मेल्यावर तरी बोलतील, म्हनून मी वाट बगितली," सोनूबाई म्हणाली. "रागानं बोलतील, मारतील. नाय. टोपल्या वाहून येयाचे, मान दुखायची, मी तेल लावायची. तवा बी नाय. एकदा तरी बोलायचं होतं त्यांनी."

आत कोणी ऐकत नाही ना, असं तिनं दाराकडे पाहिलं.

"गेल्या साली मी गेलती अंदेरीला. एकलीच. यांना सांगितलं नाय. पोर मोटी झाली हाय. शिवनकाम शिकते. मी तिला बोलली, मी हिराजीची बायको, घरी येतेस का आमच्या? तिनं मना बसायला दिलं, पानी दिलं. बोलली, आता मना इतं बरं हाय, काकी. आनि काकांना सांगा, रिबिनी मिलाल्या."

"तुम्ही सांगितलंत त्यांना?"

सोनूबाईनं मान हलवली. नाही.

"सांगितलं असतं तर इचारलं असतं ना, तू का गेलतीस म्हनून. मंग मना बोलावं लागलं असतं."

आतून थोरल्या सुनेनं तिला हाक मारली. दहाव्यासाठी भटजींना काय काय लागणार ते विचारायचं होतं. सोनूबाई भिंतीचा आधार घेऊन उठली, मला चहा घेतल्याशिवाय जाऊ नका म्हणाली, आणि आत गेली.